कोरडे डोळे आणि भक्तीची साक्ष

भगवंताचे नाव ऐकताच कंठ दाटून यावा, अंगावर रोमांच उभे राहावेत आणि डोळ्यांतून पाणी वाहावे, ही भक्तीची लक्षणे म्हणून आपल्या परंपरेने शतकानुशतके सांगितली आहेत. पण ज्या माणसाच्या डोळ्यांत शरीराच्या विकारामुळे पाणी येतच नाही, त्याच्या भक्तीविषयी या लक्षणांवरून काय समजावे, हा प्रश्न वरवर वैद्यकाचा वाटला तरी मुळात तो भक्तिशास्त्राचा आहे. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधातील चौदाव्या अध्यायात श्रीकृष्ण उद्धवाला विचारतात की, रोमांचांवाचून, चित्त द्रवल्यावाचून आणि आनंदाश्रूंवाचून भक्ती ओळखावी कशी व अंतःकरण शुद्ध व्हावे कसे. याच अकराव्या स्कंधावर संत एकनाथांनी मराठीत टीका लिहिली आणि १५७३ मध्ये ती वाराणसीत पूर्ण केली. ‘एकनाथी भागवत’ वारकरी संप्रदायाच्या मुख्य ग्रंथांत गणले जात असल्याने अश्रू आणि भक्ती यांची ही सांगड महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत कीर्तन-प्रवचनांतून खोलवर रुजली. तिच्यामुळे एखाद्या कोरड्या डोळ्यांच्या श्रोत्यावर नकळत अन्याय होतो का, हे तपासणे आवश्यक आहे.

हा विचार इंदापूर तालुक्यातील वरकुट्यासारख्या गावाच्या संदर्भात करण्याला विशेष कारण आहे. वरकुटे बुद्रुक आणि वरकुटे खुर्द ही गावे ज्या पट्ट्यात वसली आहेत तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगररांगेने पाऊस अडवून धरल्यामुळे तिच्या पूर्वेला उरलेला कमी पावसाचा प्रदेश आहे. १८८०च्या दशकात आलेला नीरेचा डावा कालवा आणि शंभरेक वर्षांनंतर भीमेवर झालेले उजनी धरण यांमुळे बारामती-इंदापूरच्या जमिनीला पाणी मिळाले, ऊस, डाळिंब आणि द्राक्षे आली. पण जमीन ओली झाली म्हणून वारा ओला झाला नाही. आषाढात घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असताना इकडे बहुतेक वेळा नुसता सोसाट्याचा वारा वाहतो आणि नेमक्या त्याच दिवसांत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी आणि इंदापूर या मुक्कामांवरून सराटीकडे जाते, बेलवाडीला गोल रिंगण होते, सराटीला नीरेत पादुकांना स्नान घातले जाते. अनेक दिवस उन्हावाऱ्यात चालणाऱ्या वारकऱ्यांच्या डोळ्यांत धूळ, रस्त्यावरच्या वाहनांचा धूर आणि हवेत उडणारा बुक्का जातो. गावात राहणाऱ्यांच्या वाट्याला उसाचे पाचट पेटवल्यावरचा धूर, गुऱ्हाळाच्या चुलाणाची धग आणि अजूनही कुठे कुठे पेटणाऱ्या चुलीचा धूर येतो. डोळे चुरचुरणे, वाळूचा कण गेल्यासारखे खुपणे, संध्याकाळी पापण्या जड होणे आणि वाचताना अक्षरे मधूनच पुसट होणे या तक्रारी अशा ठिकाणी इतक्या सरसकट असतात की त्या कोणी आजार म्हणून सांगतही नाही.

डोळ्याचा ओलावा म्हणजे केवळ पाणी नव्हे, हे येथे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. पारपटलावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, अश्रूंचा सुमारे तीन मायक्रॉन जाडीचा थर सतत पसरलेला असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे लक्षात घेतले म्हणजे हा थर किती नाजूक असतो ते कळते. डोळ्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहणारा चिकट पदार्थ, त्यावर अश्रुग्रंथीतून येणारे पाणी आणि सर्वांत वर तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा अशी त्याची घडण सामान्यतः सांगितली जाते. हे तेल पापण्यांच्या कडेला ओळीने असलेल्या ग्रंथींतून येते. जर्मन वैद्य हाइनरिख मायबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. दर वेळी पापणी लवते तेव्हा हे तेल आणि पाणी डोळ्यावर नव्याने सारवले जाते. तेल कमी पडले तर पाणी भराभर उडून जाते, आणि अश्रुग्रंथीच थकल्या तर पाणीच पुरेसे येत नाही. कोरडेपणाचे हे दोन मुख्य प्रकार आहेत आणि पुष्कळ रुग्णांत ते एकत्र आढळतात.

अश्रूंचेही शरीरशास्त्राने तीन प्रकार मानले आहेत. पहिले, डोळा अखंड ओला ठेवणारे मूलभूत अश्रू. दुसरे, कांदा, धूर किंवा कण यांच्या त्रासाने झटक्यात येणारे प्रतिक्षिप्त अश्रू. तिसरे, दुःख, आनंद, करुणा यांनी येणारे भावनिक अश्रू. यातून पुष्कळांना चकवणारी एक गोष्ट घडते. मूलभूत ओलावा कमी पडला की पारपटलाच्या मज्जातंतूंना टोचणी लागते आणि तिच्यामुळे प्रतिक्षिप्त अश्रूंचा लोट येतो, त्यामुळे कोरड्या डोळ्यांचा माणूस वाऱ्यात उभा राहिला की त्याच्या गालांवर पाणी ओघळताना दिसते. वारीत किंवा कीर्तनात दिसणारे असे पाणी पाहून भोवतालचे लोक त्या माणसाला प्रेमळ भक्त समजतील, आणि ज्याची अश्रुग्रंथी आजाराने निकामी झाली आहे तो शेजारी भावनेने कितीही गहिवरला तरी त्याला कोरडा समजतील. डोळ्यांकडे पाहून अंतःकरणाचा निवाडा करण्यातला धोका याहून स्पष्टपणे दाखवता येणार नाही.

अश्रू आणि भाव यांची फारकत निसर्गाने इतरत्रही करून ठेवली आहे. नुकते जन्मलेले मूल रडते, कळवळते, पण पहिले काही आठवडे बहुधा त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळत नाही, कारण अश्रुग्रंथीचे काम अजून पुरते सुरू झालेले नसते. रायली, डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये वर्णन केलेल्या एका आनुवंशिक मज्जाविकारात मुले मोठी झाली तरी रडताना अश्रू वाहत नाहीत. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये ज्या रोगाचे सविस्तर वर्णन केले, त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळ निर्माण करणाऱ्या ग्रंथींवर हल्ला करते, डोळे व तोंड कोरडे पडते आणि अनेकदा सांधेही दुखतात. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी अधिक प्रमाणात होतो आणि बहुधा मध्यमवयात उघड होतो. तो बळावला की अपत्याच्या मृत्यूसारख्या दुःखातही आईच्या डोळ्यांत पाणी येऊ शकत नाही. तिच्या शोकाविषयी कोणी शंका घेणार नाही. मग अभंग ऐकताना तिचे डोळे कोरडे राहिले म्हणून तिच्या भक्तीविषयी शंका घेण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

परंपरेतील विचक्षण शास्त्रकारांना हे ठाऊक होते, ही गोष्ट पुरेशी ध्यानात घेतली जात नाही. अश्रूंना सात्त्विक भावांत स्थान मिळाले ते भरताच्या नाट्यशास्त्रात. स्तंभ म्हणजे ताठरणे, स्वेद म्हणजे घाम, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य म्हणजे वर्ण पालटणे, अश्रू आणि प्रलय म्हणजे भान हरपणे असे हे आठ भाव असून एकाग्र झालेल्या मनातून, म्हणजे सत्त्वातून, ते उमटतात अशी भरताची उपपत्ती आहे. मात्र याच ग्रंथाच्या सातव्या अध्यायात अश्रूंची कारणे सांगताना भरत आनंद, क्रोध, भय आणि शोक यांच्या पंक्तीला धूर, अंजन, जांभई, थंडी, रोग आणि पापणी न लववता टक लावून पाहणे यांनाही बसवतो. नाट्याच्या आचार्याने अश्रूंची ही यादी देताना धुराचे अश्रू आणि शोकाचे अश्रू दिसायला सारखेच असतात हे गृहीतच धरले आहे. हे आठ भाव पुढे भक्तीच्या विवेचनात आले तेव्हा यादीचा हा उत्तरार्ध मागे पडला आणि अश्रू म्हणजे भावाचा पुरावा असे समीकरण लोकमनात पक्के झाले.

भक्तिशास्त्राच्या ज्या ग्रंथकाराने सात्त्विक भावांचा सर्वांत सूक्ष्म विचार केला, त्या रूप गोस्वामींनी ‘भक्तिरसामृतसिंधु’ या सोळाव्या शतकातील ग्रंथात ‘सात्त्विकाभास’ असा वेगळा वर्गच मांडला आहे. सात्त्विकाभास म्हणजे वरून सात्त्विक भावासारखे दिसणारे पण त्यामागे खरा भाव नसलेले विकार. त्यांत ‘निःसत्त्व’ हा एक प्रकार असून, ज्यांचे चित्त मुळातच निसरडे आहे किंवा ज्यांनी सरावाने रडणे साधले आहे त्यांचे अश्रू या सदरात पडतात. याचा उलटा निष्कर्ष मात्र परंपरेने पुरेशा जोरकसपणे सांगितला नाही, आणि प्रस्तुत लेखाचे म्हणणे नेमके तेच आहे: ज्याप्रमाणे भावावाचून अश्रू असू शकतात त्याप्रमाणे अश्रूंवाचून भाव असू शकतो, म्हणून भक्तीच्या कसोटीतून शरीराचा स्राव वगळलाच पाहिजे.

भगवद्गीतेचा आरंभही याच दिशेने बोट दाखवतो. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात अर्जुनाचे डोळे अश्रूंनी भरलेले आहेत आणि लगेच पुढच्या श्लोकात श्रीकृष्ण त्या अवस्थेला अवेळी आलेले मालिन्य म्हणून फटकारतात, कारण ते अश्रू मोहाचे आहेत. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिल्यावर त्याच अर्जुनाच्या अंगी अष्टसात्त्विक भाव उमटल्याचे ज्ञानेश्वरांनी विस्ताराने वर्णिले आहे. डोळे तेच, अश्रुग्रंथी तीच, पाणीही तेच. फरक पडला तो पाहणाऱ्याच्या जाणिवेत. ज्या ग्रंथात अश्रू एकदा दोषाचे आणि एकदा प्रसादाचे चिन्ह ठरतात, तो ग्रंथ अश्रूंना स्वतंत्र प्रामाण्य देत नाही असेच म्हणावे लागते.

ख्रिस्ती साधनेतही हा पेच उभा राहिला होता. प्रार्थनेतील अश्रूंना तेथे ईश्वरी देणगी मानले गेले, आणि येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी १५४४-४५च्या आपल्या आध्यात्मिक रोजनिशीत उपासनेच्या वेळी किती अश्रू आले याची दिवसागणिक नोंद ठेवली. त्याच नोंदींत रडून रडून डोळे दुखू लागल्याचेही उल्लेख आहेत. त्यांच्या नंतरच्या पिढीतील स्पेनचेच संत योहान यांनी मात्र प्रार्थनेत येणाऱ्या शुष्कतेला साधनेतला एक आवश्यक टप्पा मानले आणि ओलावा आटला म्हणजे ईश्वर दुरावला असे समजू नये, असे सांगितले. त्यांचे विवेचन मनाच्या शुष्कतेविषयी आहे, डोळ्यांच्या नव्हे. तरीही गोडवा न जाणवणे आणि श्रद्धा नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यांचा भेद येथे लागू पडतो.

वारकरी परंपरेत याचे उत्तर तत्त्वचर्चेपेक्षा चरित्रांतून अधिक ठसठशीतपणे मिळते. हातपाय नसलेले कूर्मदास पैठणहून पंढरीला निघाले, त्यांना पुढे जाता येईना तेव्हा विठ्ठलच त्यांच्या भेटीला आला, अशी कथा महिपतींनी सांगितली असून त्या भेटीचे स्थान म्हणून पूज्य असलेले लऊळ हे गाव माढा तालुक्यात, म्हणजे इंदापूरहून भीमा ओलांडली की पलीकडच्या मुलखात आहे. चालणे हाच ज्या संप्रदायाचा मुख्य आचार, त्यानेच पायांवाचून पूर्ण झालेली वारी मान्य केली. विदर्भात १८८१ मध्ये जन्मलेल्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली, तरीही त्यांनी विपुल ग्रंथरचना केली आणि लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले. पायांवाचून वारी आणि दृष्टीवाचून दर्शन ज्या परंपरेला मान्य आहे, तिला अश्रूंवाचून प्रेम मान्य करण्यात कोणतीही अडचण येऊ नये.

प्रश्नाची दुसरी बाजू पापणीची आहे आणि ती अधिक समृद्ध आहे. पापणी लवणे हे मर्त्य माणसाचे लक्षण आणि अनिमिष दृष्टी हे देवत्वाचे लक्षण अशी कल्पना आपल्या साहित्यात जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात चार देव नळाचे रूप घेऊन स्वयंवरात बसतात, तेव्हा ज्यांच्या पापण्या लवत नाहीत, ज्यांना घाम येत नाही, ज्यांच्यावर धूळ बसत नाही आणि ज्यांचे पाय भुईला टेकत नाहीत ते देव, हे ओळखून दमयंती नळाला वरते. रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे हे स्वयंवर मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. विष्णुपुराणात निमी राजा देह गमावल्यावर पुन्हा देह घेण्याचे नाकारतो आणि सर्व प्राण्यांच्या डोळ्यांत वास करू लागतो, तेव्हापासून प्राण्यांच्या पापण्या मिटू-उघडू लागल्या असे सांगितले आहे. भागवतातील गोपी तर पापण्या निर्माण करणाऱ्या विधात्यालाच मंदबुद्धी ठरवतात, कारण कृष्णाकडे पाहताना पापणीच्या एका लवण्यानेही दर्शनात खंड पडतो. पंढरीच्या गाभाऱ्यात कित्येक तासांच्या रांगेनंतर क्षणभर मूर्तीसमोर उभा राहणारा वारकरी हेच अनुभवतो. पण गोपींचा तो उद्गार विरहाचा आहे, देहाने पापणीवाचून राहावे असा विधी त्यात नाही. दमयंतीचा निर्णय याहून विचारात घेण्याजोगा आहे: घाम, धूळ आणि लवणारी पापणी यांसह असलेला माणूस तिने चार देवांसमोर निवडला.

तत्त्वज्ञांनी तर पापणीला आत्म्याच्या सिद्धीत स्थान दिले. कणादाच्या वैशेषिक सूत्रांत देहाहून वेगळा आत्मा आहे हे ज्या खुणांवरून अनुमानाने ओळखावे त्यांत प्राण-अपानाच्या जोडीला निमेष-उन्मेष, म्हणजे पापण्यांचे मिटणे आणि उघडणे, यांचाही उल्लेख येतो. योगग्रंथांनी हे काम ‘कूर्म’ नावाच्या उपप्राणाकडे सोपवले. गीतेच्या पाचव्या अध्यायात तत्त्ववेत्ता पाहताना, ऐकताना, श्वास घेताना, एवढेच काय पापण्या उघडताना-मिटतानाही आपण काहीच करत नाही, इंद्रिये आपापल्या विषयांत वावरतात, असे समजतो. कर्तेपणाच्या अभावाचे उदाहरण म्हणून या यादीत पापणीची योजना अत्यंत मार्मिक आहे, कारण जागेपणी मिनिटाला साधारण पंधरा वेळा होणाऱ्या या कर्माकडे निरोगी माणसाचे लक्षच नसते.

कोरड्या डोळ्यांचा रोग नेमका येथेच तात्त्विक पेच निर्माण करतो. जे कर्म आपोआप घडत होते ते आता जाणून करावे लागते: पडद्याकडे किंवा पोथीकडे एकाग्रतेने पाहताना पापण्या लवण्याचे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते, अनेकदा पापणी अर्धवटच मिटते, म्हणून वैद्य रुग्णाला पापण्या पूर्ण मिटून हलकेच आवळण्याचा आणि मग उघडण्याचा सराव दिवसातून अनेकदा करायला सांगतात. अशा रुग्णाने ‘मी काहीच करत नाही’ हे कसे म्हणावे? याचे उत्तर गीतेच्याच तिसऱ्या अध्यायात आहे. कर्म न करता देहयात्रासुद्धा चालणार नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. अकर्तृत्व ही देहाची निगा टाकून देण्याची सवलत नव्हे. निगा घेत असतानाच तिच्या फळाविषयी आणि तिच्यामागच्या ‘मी’विषयी असलेली पकड सोडणे हा अकर्तृत्वाचा अर्थ आहे. जाणीवपूर्वक पापणी मिटणाऱ्या रुग्णाचे कर्म हे या अर्थाने नामस्मरणाच्या आड येणारे नाही, उलट नामाबरोबर पापणी मिटण्याचा सराव त्याने सहज जोडून घ्यावा.

त्राटकाविषयी मात्र स्पष्ट इशारा दिला पाहिजे. स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत सूक्ष्म लक्ष्यावर अश्रू येईपर्यंत निश्चल दृष्टी ठेवणे अशी त्राटकाची व्याख्या असून ते नेत्ररोग दूर करते असेही म्हटले आहे. तेथे येणारे अश्रू भरताने सांगितलेल्या अनिमेष पाहण्याचेच, म्हणजे प्रतिक्षिप्त असतात. पापणी लवली नाही तर अश्रूंचा थर काही सेकंदांतच जागोजागी फाटू लागतो. निरोगी डोळ्यात तो साधारण दहा सेकंदांहून अधिक टिकतो, कोरड्या डोळ्यात त्याहून लवकर तुटतो, आणि उघड्या पडलेल्या पारपटलाला इजा होऊ शकते. ज्याला कोरड्या डोळ्यांचा त्रास आहे त्याने त्राटक करू नये, आणि डोळे मिटून केलेले ध्यान त्याहून उणे आहे असेही मानू नये. मोबाइलच्या पडद्यासमोर तासन्‌तास टक लावून बसणाऱ्या तरुणांचे तर नकळत रोजच त्राटक चालू आहे, आणि त्याला कोणत्याही गुरूची देखरेख नाही.

देहाचे दुखणे सोसणे हेच तप, असा समज धर्मशील वृद्धांमध्ये आढळतो आणि डोळ्यांच्या तक्रारी अंगावर काढण्यामागे त्याचा मोठा वाटा असतो. गीतेचा सतरावा अध्याय शास्त्रात न सांगितलेले घोर तप करून देहातील भूतसमुदायाला कृश करणाऱ्यांना आसुरी निश्चयाचे म्हणतो. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त बटूच्या वेषातील शिव तपस्विनी पार्वतीला शरीर हेच धर्माचे पहिले साधन आहे याची आठवण देतो. उपचार घेणे म्हणजे देहासक्ती नव्हे, हे या दोन्ही ठिकाणांवरून स्पष्ट होते.

या रोगाचे ज्ञानही येथे नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शहात्तर नेत्ररोग सांगितले असून त्यांत ‘शुष्काक्षिपाक’ येतो: पापण्या कठीण आणि रुक्ष होणे, डोळा आक्रसणे, नजर गढूळ होणे आणि डोळे उघडताना अतिशय कष्ट पडणे ही त्याची लक्षणे. त्यावर तूप पिणे, नाकात तेलाचे नस्य आणि तर्पण, म्हणजे डोळ्याभोवती उडदाच्या पिठाची पाळी करून आत औषधी तूप भरून ठेवणे, असे स्निग्ध उपचार दिले आहेत. कोरडेपणाला स्निग्धतेचे उत्तर हा विचार तेलाच्या थराविषयीच्या आजच्या ज्ञानाशी जुळणारा आहे. परंतु म्हणून घरचे तूप, मध, कांद्याचा रस, आईचे दूध किंवा बाजारातले गुलाबपाणी डोळ्यांत घालणे समर्थनीय ठरत नाही, कारण ते निर्जंतुक नसते. नदीचे तीर्थ मस्तकी लावावे, पण नीरेच्या किंवा चंद्रभागेच्या पाण्याने उघडे डोळे धुऊ नयेत. अशा पाण्यातील अमीबासारख्या सूक्ष्म जीवांमुळे पारपटलाला बरा व्हायला अत्यंत अवघड असा संसर्ग होऊ शकतो.

करण्यासारखे उपाय साधे आहेत. स्वच्छ कापड कोमट पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवले आणि मग पापणीच्या कडेकडे बोटाने हलका दाब दिला की साकळलेले तेल मोकळे होते. हे रोज, कित्येक आठवडे करावे लागते. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा घालावे लागत असतील तर टिकाऊपणासाठी रसायन न मिसळलेले, एकावेळी वापरून टाकायचे थेंब निवडावेत, कारण ते रसायन वारंवार गेले तर डोळ्याच्या पृष्ठभागालाच इजा करते. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये, दुचाकीवर आणि वारीत कडेने झाकणारा गॉगल वापरावा, पडद्यासमोर दर वीस मिनिटांनी नजर दूर न्यावी. माशांच्या तेलातील ओमेगा-३च्या गोळ्यांचा गाजावाजा झाला, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत त्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांहून सरस ठरल्या नाहीत. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, नैराश्यावरची काही औषधे, मधुमेह, थायरॉइडचे विकार, संधिवात आणि रजोनिवृत्ती यांनीही डोळे कोरडे पडतात, आणि लहानपणी झालेल्या खुपऱ्यांचे व्रण पापणीच्या आत राहिले असले तर म्हातारपणी त्यांचा त्रास होतो. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून खुपऱ्यांचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केले, पण जुने व्रण माणसांबरोबर राहतातच. कोरडेपणा किती आहे हे कागदाच्या एका पट्टीने मोजता येते. ऑटो शिर्मर यांनी १९०३ मध्ये सांगितलेल्या या तपासणीत पट्टी खालच्या पापणीत अडकवतात आणि पाच मिनिटांत ती पाच मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर पाण्याची तीव्र उणीव समजतात. अशा रुग्णांसाठी सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा अश्रूंचा निचरा होणाऱ्या छिद्रांत बसवायची बारीक बुचे असे पुढचे उपचार आहेत, आणि ते नेत्रतज्ज्ञानेच ठरवायचे असतात. दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब सुरुवातीला आराम देतात आणि पुढे काचबिंदू किंवा मोतीबिंदू देऊन जातात.

कीर्तनकारांनी आणि दिंडीचालकांनी यातल्या दोन गोष्टी मनावर घ्याव्यात. रंगलेल्या कीर्तनात श्रोत्यांच्या डोळ्यांतले पाणी ही प्रेमाची खूण म्हणून दाखवताना, ज्यांचे डोळे कोरडे आहेत त्यांच्याकडे बोट जाईल असे बोलू नये. आणि दिंडीच्या सामानात जखमपट्टीबरोबर एकावेळी वापरायचे कृत्रिम अश्रूंचे थेंब, झाकून ठेवलेले उकळून गार केलेले पाणी आणि स्वच्छ कापडाच्या घड्या ठेवाव्यात. डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर अंधूक झाली असेल किंवा उसाचे पाते डोळ्याला लागले असेल तर तो कोरडेपणा समजून घरी थांबू नये. पात्याच्या जखमेत बुरशीचा संसर्ग होऊन पारपटलावर कायमचा डाग राहू शकतो, म्हणून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.